गोव्याच्या परसात जेरुसलेम आर्टिचोक: लागवड, आहारमूल्य आणि उपयोग

मृद्गंध (फोंडा), ६ ऑक्टोबर

नमस्कार. सूर्यफुलाच्या कुळातील, वरून आल्यासारखा गाठाळ दिसणारा आणि आतून पांढरा, कच्चा खाल्ल्यास शिंगाड्याची आठवण करून देणारा जेरुसलेम आर्टिचोक नावाचा कंद मी गेली तीन वर्षे आमच्या परसात लावून पाहत आहे. पहिली दोन वर्षे पीक पूर्णपणे फसले. गेल्या हंगामात मात्र नऊ रोपांपासून सुमारे सहा किलो कंद मिळाले, आणि त्यातूनच राखलेल्या बियाण्यावर यंदाची लागवड करणार आहे. पाऊस ओसरू लागला असून वाफे तयार करण्याची वेळ जवळ आली आहे, म्हणून आतापर्यंतचा अनुभव येथे सविस्तर मांडतो.

माझ्या चुका आधी सांगतो, कारण हे पीक मला समजले ते त्या चुकांमुळेच. पहिल्या वर्षी उत्तराखंडमधील एका परिचित बागाइतदाराकडून फेब्रुवारीत कंद आले. सुरण, काटेकणगां आणि माडी हे आपले कंद आपण पावसाच्या तोंडावर लावतो, त्याच सवयीने मी ते जूनपर्यंत कोठीत, कोरड्या भाताच्या तुसात ठेवले. बटाट्याला असते तशी जाड साल या कंदाला नसते, हे मला ठाऊक नव्हते. मे महिन्यापर्यंत निम्मे कंद सुरकुतून काटक्यांसारखे झाले आणि उरलेले जूनमध्ये लावले ते जुलैच्या मध्याला जमिनीतच कुजले. दुसऱ्या वर्षी त्याच गृहस्थांनी नोव्हेंबरच्या आरंभी, थंडी पडण्यापूर्वी खणलेले ताजे कंद पाठवले व मी ते लगेच लावले. दोन महिने वाफ्यावर काहीच दिसले नाही. उकरून पाहिले तर कंद टणक होते, सडलेले नव्हते, पण डोळा एकही फुटलेला नव्हता. जानेवारीअखेर दोन-तीन रोपे वर आली आणि तीही खुरटी राहिली.

या कंदाला खणल्यानंतर सुप्तावस्था असते आणि ती मोडण्यासाठी काही आठवड्यांची थंडी लागते. थंड प्रदेशात ती थंडी जमिनीतच मिळते; आपल्याकडे डिसेंबर-जानेवारीच्या पहाटेसुद्धा पारा सहसा वीस अंशांच्या आसपासच असतो, त्यामुळे कंदाला हिवाळा आल्याचे कळतच नाही. तिसऱ्या वर्षी नोव्हेंबरात आलेले कंद मी ओलसर काथ्याच्या भुशात घालून, भोके पाडलेल्या पिशवीतून सहा आठवडे फ्रिजच्या खालच्या कप्प्यात, चार-पाच अंशांवर ठेवले. जानेवारीच्या पहिल्या आठवड्यात लावल्यावर पंधरा दिवसांत सगळे उगवले.

जमीन आमची चिऱ्याची, जांभी. दीड वीत उंचीचे गादीवाफे करून त्यात जुने शेणखत व कुजलेला पातेरा (पालापाचोळा) मिसळला, साधारण पन्नास ग्रॅम वजनाचे व दोन-तीन डोळे असलेले तुकडे चार इंच खोल आणि दीड ते दोन फुटांच्या अंतराने लावले. पाणी सुरुवातीला एक दिवसाआड, फुले येऊ लागल्यावर थोडे अधिक आणि पाने पिवळी पडू लागताच बंद. एप्रिलच्या शेवटच्या आठवड्यात खणले. झाडे कमरेएवढीच वाढली, जी थंड प्रदेशात माणसापेक्षा उंच होतात. याचे कारण वनस्पतिशास्त्र जाणणाऱ्या कोणी सांगितल्यास उपकार होतील. त्याशिवाय कंदकुजीवर उपाय, खाण्याच्या पद्धती आणि पावसाळ्यात बियाणे टिकवणे या तीन बाबींवर सर्वांचे अनुभव हवे आहेत.

पर्णरेखा (पणजी), ७ ऑक्टोबर

मृद्गंधजी, अत्यंत उपयुक्त लेखन. झाडे बुटकी राहण्याचे मुख्य कारण दिवसाची लांबी हे आहे. हेलिअँथस ट्युबरोसस हे या वनस्पतीचे शास्त्रीय नाव आणि उत्तर अमेरिका हे तिचे मूळ. तिकडे उन्हाळ्यात दिवस पंधरा-सोळा तासांचा असताना ती केवळ पाने आणि खोड वाढवते, आणि दिवस लहान होऊ लागले की फुलोरा व कंद यांच्याकडे वळते. गोव्यात वर्षातला सर्वांत मोठा दिवस सुमारे तेरा तासांचा आणि डिसेंबरात तर तो सव्वाअकरा तासांच्या जवळ येतो. म्हणजे आपल्याकडे रोप जन्मल्यापासूनच ‘आता कंद धर’ असा संकेत त्याला मिळत राहतो. परिणामी पीक लवकर तयार होते, परंतु पानांचा पसारा कमी असल्यामुळे दर झाडामागचे उत्पन्नही कमी येते. यावर परसातला उपाय एकच, रोपे थोडी दाट लावावीत. आपण ठेवलेले दोन फुटांचे अंतर आपल्याकडे जास्त आहे, दीड फूट पुरेसे व्हावे.

हे पीक उष्ण प्रदेशात होणारच नाही असे ज्यांना वाटते त्यांच्यासाठी थायलंडचे उदाहरण देण्यासारखे आहे. तेथील ईशान्य भागातील खोन केन विद्यापीठाने या कंदावर दीर्घकाळ संशोधन केले आणि त्याला ‘केन तावान’ हे थाई नाव रूढ केले. ‘तावान’ म्हणजे सूर्य. खोन केन साधारण साडेसोळा अक्षांशावर आहे, पणजी साडेपंधरावर. दिवसाची लांबी जवळपास सारखीच. फरक पावसाचा आहे, कारण आपल्यासारखा तीन हजार मिलिमीटर पाऊस तिकडे पडत नाही.

नावाविषयीही थोडे सांगायला हवे, कारण या नावाइतके दिशाभूल करणारे नाव क्वचितच असेल. जेरुसलेमशी या कंदाचा काहीही संबंध नाही. इटालियन भाषेत सूर्यफुलाला ‘जिरासोले’ म्हणतात, त्याचा इंग्रजांच्या तोंडी ‘जेरुसलेम’ झाला असे सामान्यतः मानले जाते. आर्टिचोक ही तर निराळीच, काटेरी कळीची भाजी. परंतु सॅम्युएल द शाम्प्लँ या फ्रेंच प्रवाशाने १६०५ मध्ये अमेरिकेच्या ईशान्य किनाऱ्यावर मूळ रहिवाशांच्या मळ्यांत हे कंद पाहिले आणि त्यांची चव आर्टिचोकसारखी असल्याचे नोंदवले. फ्रेंच लोक याला ‘तोपिनांबूर’ म्हणतात, तेही असेच चुकून पडलेले नाव आहे. १६१३ मध्ये ब्राझीलच्या किनाऱ्यावरील तुपिनांबा जमातीची काही माणसे पॅरिसला आणली गेली होती, त्याच सुमारास हा नवा कंद तिथल्या बाजारात येत होता, आणि लोकांनी दोन्हींची सांगड घातली. पोर्तुगीजमध्येही त्याला ‘तुपिनांबो’ म्हणतात, त्यामुळे घरात पोर्तुगीज येणारे वडीलधारे असतील तर त्यांना हे नाव सांगून पाहावे. काजू, मिरची, अननस, रताळे या अमेरिकेच्या देणग्या पोर्तुगीज जहाजांतून आपल्याकडे आल्या आणि येथेच रुजल्या. त्या सगळ्या उष्ण प्रदेशातल्या होत्या. हा कंद थंडीतला, त्यामुळे त्यांच्या सोबतीने तो आपल्या परसात का आला नाही हे समजण्यासारखे आहे. मराठीत त्याला ‘सूर्यकंद’ म्हणावे, अशी माझी सूचना आहे.

वायंगण (पेडणे), ९ ऑक्टोबर

सूर्यकंद हे नाव आवडले, मीही तेच वापरतो.

मृद्गंधभाऊ, तुमचे जुलैत कुजलेले कंद केवळ पाण्याने गेले नसावेत. उकरताना बुंध्याशी पांढऱ्या सुतासारखी बुरशी आणि मोहरीच्या दाण्याएवढे तपकिरी गोळे दिसले होते का? दिसले असतील तर ती स्क्लेरोशियम नावाची बुरशी होय. उष्ण व दमट हवेत या पिकाचा सर्वांत मोठा शत्रू तीच आहे. भुईमूग, मिरची आणि अळसांदे (चवळी) यांच्यावरही ती येते, म्हणून आमच्या भागातील शेतकऱ्याला ती चांगली परिचित आहे. ते मोहरीएवढे दाणे मातीत काही वर्षे जिवंत राहतात, त्यामुळे एकदा शिरलेला रोग औषध मारून एका हंगामात जात नाही.

माझ्या अनुभवाने तीन गोष्टी उपयोगी पडतात. पहिली म्हणजे जागेची निवड. ज्या जमिनीत भुईमूग किंवा मिरची घेतली होती तेथे सूर्यकंद लावू नये. याउलट सरद (पावसाळी) भाताचे शेत कापणीनंतर निचऱ्याचे असेल तर ती जागा उत्तम, कारण भातात महिनोन्‌महिने पाणी उभे राहिल्यामुळे या बुरशीचे दाणे मोठ्या प्रमाणावर नष्ट होतात. दुसरी, पातेऱ्याचे आच्छादन. आपण सगळीकडे पातेरा घालतो आणि ते योग्यच आहे, पण या पिकाच्या बुंध्याला चार बोटे जागा मोकळी ठेवावी, कारण अर्धवट कुजलेल्या ओल्या पाल्यावरच ही बुरशी पोसते. तिसरी, एखादे झाड भर उन्हात अचानक मान टाकू लागले आणि संध्याकाळी पाणी देऊनही सावरले नाही, तर दया न करता ते मुळाभोवतीच्या घमेलाभर मातीसकट काढावे व शेताबाहेर जाळावे. लावण्यापूर्वी शेणखतात ट्रायकोडर्मा ही उपकारक बुरशी मुरवून घातल्यास मदत होते. तेवढ्यावर विसंबून मात्र राहू नये.

आणि रानडुकरे. आमच्या डोंगराच्या कडेच्या शेतात रताळी घेणे आम्ही त्यांच्यामुळेच सोडले. सूर्यकंद तर युरोपात डुकरांना चारण्यासाठी मुद्दाम लावत असत, यावरून काय ते समजावे. ज्यांचे शेत वस्तीपासून दूर आहे त्यांनी कुंपणाचा खर्च आधी मनात धरावा.

मृद्गंध (फोंडा), ९ ऑक्टोबर

वायंगणदादा, अगदी असेच दाणे होते. मी ते कसलीतरी अंडी समजलो होतो. त्या वाफ्यात त्याआधी मिरची होती, हेही आता आठवते. यंदा जागा बदलतो.

खिडकीतली_कुंडी (वास्को), १२ ऑक्टोबर

माझ्याकडे जमीन नाही, चौथ्या मजल्यावर दक्षिणेकडची गॅलरी आहे. कुंडीत हे पीक घेता येईल का? माझी मावसबहीण लिस्बनला असते आणि डिसेंबरात नाताळच्या सुट्टीत येणार आहे. तिथल्या बाजारात हे कंद मिळतात म्हणते, तेव्हा तिच्याबरोबर चार कंद मागवले तर चालतील का?

मृद्गंध (फोंडा), १२ ऑक्टोबर

कृपया मागवू नका. परदेशातून लावण्यायोग्य कंद, बी किंवा रोप आणायचे तर २००३ च्या वनस्पती संगरोध (क्वारंटाइन) आदेशानुसार आयात परवाना आणि तिकडचे रोगमुक्ततेचे प्रमाणपत्र लागते. सामानात घालून आणलेले चार कंद निरुपद्रवी वाटतात, परंतु त्यांच्या मातीतून येणारा रोग आपल्याकडे नसलेला असू शकतो, आणि आपल्या बटाटा-सूर्यफुलाच्या शेतकऱ्याने त्याची किंमत का मोजावी? आपल्या देशात डोंगराळ भागातील बागाइतदारांकडे कंद मिळतात. नोव्हेंबर-डिसेंबरात मागवावेत आणि आल्याबरोबर फ्रिजमध्ये ठेवावेत, म्हणजे जानेवारीच्या आरंभी लावता येतील. यंदाच्या काढणीनंतर मीही काही देऊ शकेन.

कुंडीत निश्चित होते. किमान पंधरा इंच खोल व तितकीच रुंद पिशवी किंवा जुनी बादली घ्या, खाली भरपूर भोके पाडा, एका पिशवीत एकच कंद लावा. माती, काथ्याचा भुसा आणि शेणखत समप्रमाणात घेतले तरी चालेल. सहा तास ऊन आवश्यक आहे. जमिनीपेक्षा कुंडीचा एक फायदाही आहे: खणताना राहून गेलेल्या बोटाएवढ्या तुकड्यापासूनही हे झाड पुन्हा उगवते, आणि मध्य युरोपात नदीकाठांवर ते याच गुणामुळे तणासारखे पसरले आहे. आपल्या पावसात तसे होण्याची शक्यता मला कमी वाटते, तरीही कुळागरात (माडा-पोफळीच्या बागेत) पाटाच्या कडेला ते लावू नये असे माझे मत आहे.

आहारविचार (म्हापसा), १५ ऑक्टोबर

मी आहारतज्ज्ञ म्हणून काम करते. या कंदाविषयी ‘मधुमेहींचा बटाटा’ अशा शब्दांत बरेच काही पसरवले जाते, म्हणून थोडे विस्ताराने लिहिते.

बटाट्यात, रताळ्यात आणि सुरणात ऊर्जा साठवली जाते ती पिष्टाच्या (स्टार्चच्या) रूपात. सूर्यकंदात पिष्ट जवळजवळ नसते. त्याच्या जागी इन्युलिन असते, म्हणजे फ्रुक्टोज या फळशर्करेच्या रेणूंची लांब साखळी. ही साखळी तोडणारे विकर (एन्झाइम) माणसाच्या लहान आतड्यात नाही. त्यामुळे ती न पचता मोठ्या आतड्यात पोहोचते आणि तिथल्या जिवाणूंचे, विशेषतः बायफिडोबॅक्टेरियांचे, खाद्य होते. रक्तातील साखर बटाट्यासारखी झपाट्याने न वाढण्याचे कारण हेच. इन्युलिनच्या एका ग्रॅमपासून शरीराला साधारण दीड किलोकॅलरी मिळते, पिष्टाच्या ग्रॅमपासून चार.

शंभर ग्रॅम कच्च्या कंदात सुमारे ७८ ग्रॅम पाणी, १७ ग्रॅम कर्बोदके, २ ग्रॅम प्रथिने, ४२९ मिलिग्रॅम पोटॅशियम आणि ३.४ मिलिग्रॅम लोह असते. लोहाचा हा आकडा बटाट्याच्या जवळपास चौपट आहे. वनस्पतीतील लोह शरीरात कमी प्रमाणात शोषले जाते, पण त्यावर लिंबू पिळले की ते प्रमाण सुधारते. आहारकोष्टकांत उष्मांक ७३ दिलेले आढळतील. इन्युलिनलाही नेहमीचे कर्बोदक धरून तो आकडा काढलेला असतो, त्यामुळे ताज्या कंदापासून प्रत्यक्षात मिळणारी ऊर्जा त्याहून कमी असते.

आता सावधगिरीचा भाग. २०२३ मध्ये प्रसिद्ध झालेल्या भारतीय वैद्यकीय संशोधन परिषदेच्या देशव्यापी पाहणीत मधुमेहाचे सर्वाधिक प्रमाण गोव्यात आढळले, २६.४ टक्के. अशा राज्यात एखादा कंद औषध म्हणून विकला जाऊ लागला तर लोक गोळ्या बंद करून त्याच्यामागे लागतील ही माझी खरी चिंता आहे. सूर्यकंद औषध नाही. भाताचा किंवा बटाट्याचा काही भाग कमी करून त्या जागी हा कंद घेतला तर जेवणानंतरची साखर कमी चढते, एवढेच म्हणता येईल. त्यातही कंद ताजा की साठवलेला याने फरक पडतो: थंडीत ठेवल्यावर इन्युलिनच्या साखळ्या तुटून फ्रुक्टोज मोकळे होऊ लागते, कंद गोड लागतो, आणि ज्या गुणासाठी मधुमेही तो खातात तो गुण कमी होतो.

दुसरी बाब वायूची. जिवाणू इन्युलिन आंबवतात तेव्हा पोटात वायू धरतो, आणि कित्येकांना तो असह्य होतो. इंग्रज वनस्पतिज्ञ जॉन गुडियर याने १६२१ मध्येच या कंदाविरुद्ध हीच तक्रार लिहून ठेवली होती, म्हणजे ही आजची नाजूक पोटांची गोष्ट नव्हे. पहिल्यांदा खाताना दोन-तीन चकत्यांपेक्षा अधिक खाऊ नये व आठवड्याभरात हळूहळू वाढवावे. कांदा-लसणाने ज्यांचे पोट बिघडते त्यांना हाही त्रास देईल, कारण त्या दोन्हींतही याच जातीची साखळी असते. आतड्याचा जुना विकार असणाऱ्यांनी आपल्या डॉक्टरांना विचारल्याशिवाय खाऊ नये, आणि फ्रुक्टोज पचवण्याचा जन्मजात दोष असणाऱ्यांनी तर मुळीच नाही.

रांधपघर (मडगाव), १९ ऑक्टोबर

गेल्या उन्हाळ्यात मृद्गंधजींकडून किलोभर कंद मिळाले होते, त्यावर केलेले प्रयोग लिहिते.

धुणे हेच पहिले काम, आणि ते वेळखाऊ आहे. गाठींच्या बेचक्यांत चिऱ्याची लाल माती इतकी घट्ट बसते की अर्धा तास पाण्यात भिजवून जुन्या दातघासणीने घासावे लागते. साल काढण्याची गरज नाही. कापल्याबरोबर लिंबाच्या पाण्यात टाकावे, नाहीतर फोडी काळवंडतात, आणि बिडाच्या तव्यावर किंवा लोखंडी कढईत तर जास्तच काळ्या होतात.

बटाट्याप्रमाणे उकडून भाजी करायचा बेत पूर्ण फसला. पिष्ट नसल्यामुळे फोडी आधी बराच वेळ कडक राहतात आणि मग अचानक विरघळल्यासारख्या मऊ होतात. पाण्यात आंबट काही घातले तर मात्र त्या आकार धरून राहतात. हे लक्षात आल्यावर मला आपले खतखतें आठवले. त्यात सुरण, रताळे, माडी अशा कंदांबरोबर सोलां (आमसुले) आधीपासूनच असतात. मी सूर्यकंदाच्या फोडी तूरडाळीच्या पाण्यात चार सोलां घालून सर्वांत आधी, पाऊण तास मंद आचेवर शिजवल्या, मग बाकीच्या भाज्या, आणि शेवटी खोबऱ्याचे वाटण व ठेचलेली तेफळे घातली. घरातील सहा जणांपैकी कोणाच्याही पोटाला त्रास झाला नाही, तर त्याआधी नुसत्या तळलेल्या फोडींनी तिघांना झाला होता. याचे कारण आहारविचारताई सांगू शकतील का? काप मात्र उत्कृष्ट होतात: पातळ चकत्या, हळद, तिखट, मीठ, लिंबू, वरून रवा, आणि खोबरेल तेलात मंद आचेवर. हे दोन-दोनच वाढावेत.

कच्चा कंद किसून, दही, मिरची व कोथिंबीर घालून केलेली कोशिंबीरही चांगली लागली. बिंबलां या आंबट फळांबरोबर घातलेले लोणचे पंधरा दिवस कुरकुरीत राहिले.

आहारविचार (म्हापसा), १९ ऑक्टोबर

कारण आम्लच. आंबट पाण्यात दीर्घकाळ उकळल्यावर इन्युलिनच्या साखळ्यांचा काही भाग तुटून साधी साखर होते, शिवाय काही इन्युलिन पाण्यात उतरते, त्यामुळे आतड्यातल्या जिवाणूंना आंबवायला कमी उरते. खतखत्यात ते पाणी आपण खातोच, तेव्हा सोलांचा वाटा मोठा मानायला हवा. मधुमेहींनी मात्र हे ध्यानात घ्यावे की पोटाला सुसह्य झालेला हा कंद साखरेच्या दृष्टीने तितकाच कमी गुणाचा झालेला असतो. त्यांच्यासाठी थोड्या प्रमाणातील ताजी कोशिंबीर अधिक योग्य.

दाट_रान (सत्तरी), २३ ऑक्टोबर

चर्चा लक्षपूर्वक वाचली आणि एक गोष्ट मोकळेपणाने सांगावीशी वाटते. आमच्या गावात माझ्या लहानपणी परसात करांदे, काटेकणगां, चिरको, सुरण, माडी असे कितीतरी कंद असत. आज त्यांपैकी दोन-तीनच उरले आहेत आणि तेही चवथीच्या माटोळीला, म्हणजे गणपतीवर फळे-कंद बांधून केलेल्या छताला, लागतात म्हणून. शेजारच्या कर्नाटकातील जोयड्यात कुणबी समाज दरवर्षी कंदमेळा भरवून आपले वाण जपतो, तो पाहून आल्यापासून मला आपल्या घरांतील रिकाम्या परसांचे वाईट वाटते. ज्या कंदाला उगवण्यासाठी फ्रिज लागतो, त्याच्यामागे श्रम घालण्याऐवजी पावसात आपोआप उगवणाऱ्या आपल्या कंदांना जागा का देऊ नये?

मृद्गंध (फोंडा), २४ ऑक्टोबर

आपला प्रश्न मला मनापासून पटतो आणि त्याचे उत्तर मी स्वतःलाही देत आलो आहे. आपले कंद पावसाळ्याचे आहेत. ते जूनपासून डिसेंबरपर्यंत जमीन व्यापतात. सूर्यकंद मी लावतो तो त्यांची काढणी झाल्यानंतर किंवा भात निघाल्यावर, आणि पाऊस येण्यापूर्वी तो बाहेर येतो, त्यामुळे एकाची जागा दुसऱ्याने घेतली असे होत नाही. दुसरे, इन्युलिनचा हा गुण आपल्या पिष्टाच्या कंदांत नाही, आणि माझ्या घरात दोघांना मधुमेह असल्यामुळे मला त्याचे मोल आहे. परंतु कोणाकडे एकच वाफा असेल आणि निवड करायची असेल, तर मीही करांदेच लावा असे सांगेन. आपल्याकडे चिरक्याचे बियाणे असल्यास मला जरूर कळवावे. आमच्या घरातून ते नाहीसे झाले आहे.

दाट_रान (सत्तरी), २४ ऑक्टोबर

आहे. एप्रिलात देतो. त्याऐवजी तुमचे दोन कंदही घेईन.

पर्णरेखा (पणजी), २६ ऑक्टोबर

इतर उपयोगांविषयी थोडक्यात. जर्मनीच्या बाडन प्रांतात या कंदापासून मद्य गाळले जाते. इथेनॉल आणि फ्रुक्टोजचा पाक यांसाठीही तो उपयोगी आहे, मात्र बाजारात मिळणारे बहुतेक इन्युलिन चिकोरीच्या मुळांपासून काढतात. पाला गुरे खातात. दुसऱ्या महायुद्धात फ्रान्समध्ये बटाटे जर्मन सैन्याकडे जात असल्यामुळे लोकांना वर्षानुवर्षे हाच कंद खावा लागला, आणि युद्धानंतर त्या पिढीने त्याला ताटात पुन्हा येऊ दिले नाही. बागेत डेलिया लावणाऱ्यांना कदाचित ठाऊक नसेल की डेलियाच्या कंदातही इन्युलिनच असते.

मृद्गंध (फोंडा), ११ जानेवारी

ऑक्टोबरच्या शेवटच्या आठवड्यात लावलेल्या वीस कंदांपैकी अठरा उगवले. अंतर दीड फूट ठेवले. डिसेंबरच्या मध्याला फुले आली, लहान सूर्यफुलासारखी पिवळी, आणि मधमाश्यांनी वाफा गजबजून गेला आहे. फुले खुडल्यास कंद मोठे होतात असे म्हणतात, म्हणून निम्म्या झाडांची खुडली आहेत. एका झाडाने मान टाकली, ते वायंगणदादांच्या सल्ल्याप्रमाणे मातीसकट काढले.

मृद्गंध (फोंडा), १ मार्च

काल खणले. सतरा झाडांपासून साडेतेरा किलो. फुले खुडलेल्या आणि न खुडलेल्या झाडांतील फरक डोळ्यांना जाणवण्याइतका नव्हता. दोन झाडांचे कंद उंदरांनी अर्धे पोखरले होते, ते वेगळे धरले. आता बियाण्याचा प्रश्न: ऑक्टोबरपर्यंत आठ महिने फ्रिज अडवणे घरात कोणालाच सोयीचे नाही. दुसरी पद्धत कोणाकडे आहे का?

वायंगण (पेडणे), २ मार्च

मी सगळे एकदम खणत नाही. बियाण्यापुरती चार झाडे वाळू देतो, खोडे कापतो आणि कंद जमिनीतच ठेवतो. वाफा कोरडा होऊ लागला तर आठवड्यातून एकदा हलके पाणी. जमिनीबाहेर ते दहा दिवसांत सुरकुततात, जमिनीत मेपर्यंत ताजे राहतात. मे महिन्याच्या मध्याला, पहिल्या वळवापूर्वी खणावेत, न जखमलेले मध्यम कंदच निवडावेत, धुवू नयेत, सावलीत एक दिवस वारा देऊन ओलसर वाळूत किंवा काथ्याच्या भुशात पिशवीबंद करावेत. म्हणजे फ्रिज आठऐवजी पाच महिने लागतो. महिन्यातून एकदा पिशवी उघडून बघावी. एखादा कंद मऊ पडला असेल तर लगेच काढावा आणि भुसा कोरडा वाटल्यास हाताने पाणी शिंपडावे, ओतू नये.

खिडकीतली_कुंडी (वास्को), २ मार्च

माझ्या पिशवीतल्या रोपाला कालच पहिली कळी दिसली. कंद डिसेंबरात आले, जानेवारीत लावले. मीही मे महिन्यापर्यंत तसेच ठेवू का?

वायंगण (पेडणे), ३ मार्च

नको. चौथ्या मजल्यावरची पिशवी एप्रिलच्या उन्हात बाजूंनी तापते आणि आतले कंद शिजल्यासारखे होतात. पाने पिवळी पडल्यावर आठवड्याभरात काढा, आणि तोवर पिशवीभोवती ओले गोणपाट गुंडाळून ठेवा.